जोडबोट आणि जिताडा

"दसऱ्याच्या आत दादूसला भुईवर लोळवला नाय, तर परशुराम नाव लावनार नाय!"

हे वाक्य परशुरामने बायकोला ऐकवलं तेव्हा तो ओट्यावर बसून बुटांना पॉलिश करत होता. शालू सुपात तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून नवऱ्याकडे नीट पाहिलं. नवऱ्याचं सगळं वजन म्हणजे मिठाची एक गोणी, तीही अर्धी सांडलेली. आणि ज्याला लोळवायचं तो काळुराम भरलेल्या दोन गोण्या दोन काखांत घेऊन मिठागरापासून गावापर्यंत गप्पा मारत यायचा. "बरा," एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा खडे शोधू लागली.

आता सख्ख्या थोरल्या भावाला लोळवायचं कशाला, असं कोणीही विचारेल. कोपर गावात हे दोघे भाऊ एका चुलीवर सुखाने नांदत होते. बाप गेला तेव्हा परशुराम सहा वर्षांचा होता आणि काळुराम अठराचा. काळुरामने स्वतः अक्षर न शिकता धाकट्याला सातवीपर्यंत शिकवलं, कल्याणच्या भाताच्या गिरणीत कारकून म्हणून चिकटवलं, दिवा गावची शालू बघून त्याचं लग्न लावलं. असा भाऊ दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. फक्त त्याला एक खोड होती. तो परशुरामला उचलायचा.

अगदी खरोखरचा उचलायचा. काखेत दोन हात घालायचा आणि लहान पोराला उचलावं तसा उचलून हवं तिथे ठेवायचा. बैलगाडीत चढायला उशीर झाला, उचलला. बांध फुटून खांड पडली, उचलून पलीकडे. सहाव्या वर्षी ठीक होतं. पण परशुराम सव्वीस वर्षांचा झाला, शर्ट-पँट घालू लागला, सही इंग्रजीत करू लागला, तरी उचलणं चालूच! लग्नात तर पाटापर्यंत चिखल होता म्हणून काळुरामने नवरदेवाला उचलून नेलं आणि साऱ्या दिवा गावासमोर पाटावर ठेवलं. अंतरपाट बाजूला झाला तेव्हा शालूचे मामा हसू दाबत होते. देश स्वतंत्र होऊन चार वर्षं झाली होती, पण परशुरामचे पाय अजून जमिनीला लागले नव्हते.

त्या ज्येष्ठात गिरणीच्या कामासाठी तो ठाण्याला गेला. टेंभी नाक्यामागच्या एका चाळीत जिन्याखाली एक पाटी टांगलेली होती. "चिनी युद्धविद्या. ताकद लागत नाही. प्रोफेसर हरिहर, रंगूनवाले." मधलं वाक्य परशुरामने तीनदा वाचलं आणि दार ठोठावलं.

प्रोफेसर हरिहर पन्नाशीचे होते. वर खाकी कोट, खाली काळी चड्डी आणि हातात चहाची बशी. लढाईच्या दिवसांत रंगूनहून पायी चालत ते हिंदुस्थानात आले होते, आणि येताना सामान काही आणता आलं नाही म्हणून फक्त विद्या आणली, असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. त्यांचे गुरू लिम नावाचे चिनी गृहस्थ. धंदा दात काढण्याचा. माणसांचे दात काढता काढता त्यांना अंगातल्या सगळ्या नसा पाठ झाल्या होत्या म्हणे.

"जोर किती काढतोस?" प्रोफेसरांनी विचारलं.

"एकही नाही."

"तालमीत गेलायस?"

"बाहेरून पाहिलीय."

"उत्तम," प्रोफेसर म्हणाले. "तालीमवाला गडी या विद्येला निकामी. त्याचा सगळा भरवसा दंडावर. तू अगदी योग्य माणूस आहेस."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी परशुरामच्या दंडांचं कौतुक केलं होतं. त्याने तिथेच खाली वाकून नमस्कार केला.

पहिले दोन महिने बोटं कणखर करण्यात गेले. उजव्या हाताची दोन बोटं जोडायची आणि वाळूत खुपसायची, दिवसाला पाचशे वेळा. गिरणीत वाळू नव्हती, म्हणून परशुराम भाताच्या पोत्यांत बोटं खुपसू लागला. शेटजींना वाटलं, कारकून दाणा तपासतोय. "असा माणूस हवा!" म्हणून त्यांनी त्याच्यावर आणखी चार कोठारांची तपासणी लादली. घरी काळुरामच्या बायकोच्या, ठमावहिनीच्या, मिठाच्या बरणीत बोटं घातली, तेव्हा भाताने सोललेल्या कातडीत मीठ गेलं आणि परशुराम तोंडात पंचा कोंबून अंगणात तीन फेऱ्या धावला. वहिनीला रोज बरणीतल्या मिठात भोकं दिसायची. तिने घुशीसाठी पिंजरा लावला. त्यातही एकदा परशुरामचंच बोट सापडलं.

श्रावणाच्या शेवटी प्रोफेसरांनी दार लावून घेतलं आणि त्याला मुख्य विद्या दिली. तिचं नाव जोडबोट. डाव्या काखेखाली चार बोटं सोडून, दोन बरगड्यांच्या मध्ये एक जागा असते. माणसाने हात वर केला की ती जागा उघडी पडते. श्वास रोखायचा, जोडबोट तिथे टेकवायचं, मनात "हुं" म्हणायचं. बस.

"मग माणूस पडतो?"

"नाही. त्याला कळतसुद्धा नाही. तो हसतो, जेवतो, कामावर जातो. मात्र आतली घडी बिघडलेली असते. एकविसाव्या दिवशी सूर्य मावळायच्या आत," प्रोफेसरांनी बशी पालथी घातली, "आटोपलं."

परशुराम दोन पावलं मागे सरकला. त्याला काळुरामला लोळवायचं होतं, आटोपायचं नव्हतं. पण शिकून ठेवायला काय हरकत, असा त्याने विचार केला. घरी येऊन त्याने शालूला सगळं सांगितलं.

"म्हंजे लगेच काय व्हत नाय?" शालूने विचारलं.

"नाय."

"त्याला कलत नाय?"

"नाय."

"मंग तुमचे मास्तरला तरी कसा कलला?"

अडाणी बाईच्या नादी कोण लागणार! परशुराम कूस बदलून झोपला.

भाद्रपदी पौर्णिमेला खाडीला मोठं उधाण आलं आणि बांधाला दोन हात रुंद खांड पडली. सारं गाव घमेली, फावडी घेऊन बांधावर धावलं. परशुराम नेमका कामावर निघाला होता. पायांत पॉलिशचे बूट, डोक्याला तेल, हातात डबा. खांडीपाशी येऊन तो उभा राहिला. त्याच दिवशी सासरे दिव्याहून आले होते, तेही बांधावर उभे होते. काळुरामने कमरेइतक्या चिखलातून वर पाहिलं.

"सायेब, बूट भिजतील!" असं म्हणून त्याने परशुरामच्या काखेत हात घातले आणि डब्यासकट त्याला वर उचललं.

बांधावरचे साठ-सत्तर लोक हसले. सासरे तर पोट धरून हसले. परशुराम हवेत लोंबकळत होता, आणि त्याच्या नाकासमोर काळुरामचे दोन्ही हात वर झालेले होते. डावी काख. खाली चार बोटं. ती जागा ऊन लागून चकाकत होती. परशुरामच्या डोक्यात तिडीक गेली. श्वास आपोआप रोखला गेला. बोटं आपोआप जोडली गेली.

हुं.

काळुरामने त्याला पलीकडे ठेवलं, बुटावरचा एक शिंतोडा आपल्या हाताने पुसला आणि म्हणाला, "जा. गाडी चुकंल."

स्टेशनापर्यंत परशुराम ताठ मानेने चालला. गाडीत बसल्यावर त्याला तो पुसलेला शिंतोडा आठवला. कल्याण येईस्तोवर त्याने तो बूट दहादा पुसला. आपण काय केलं! ज्या माणसाने आपल्याला बाप बनून वाढवलं, त्याची घडी आपण बिघडवून ठेवली. त्याने बोटांवर मोजलं. आश्विनातली सहावी माळ. दसरासुद्धा लागत नव्हता.

गिरणीत न जाता तो उलटी गाडी पकडून थेट टेंभी नाक्याला आला.

"मास्तर, उतारा सांगा. मी लावलं."

"कोणाला?"

"थोरल्या भावाला."

प्रोफेसर हरिहरांच्या हातातली बशी कोटावर सांडली. "खरंच लावलंस? अरे, मी स्वतः दहा वर्षांत कोणाला लावलं नाही!"

"का?"

"भीती वाटते म्हणून!"

"उतारा, मास्तर!"

"उतारा आहे," प्रोफेसर खाली बसत म्हणाले. "गुरू मला तो मार्गशीर्षात शिकवणार होते. तेवढ्यात जपान्यांनी बॉम्ब टाकले. गुरू एकीकडे पळाले, मी एकीकडे."

परशुरामने भिंतीला टेकून डोळे मिटले. प्रोफेसरांनी त्याला पाणी दिलं आणि सुचलं ते सांगितलं. भावाला जड काम करू देऊ नये. मन दुखवू नये. चांगलंचुंगलं खाऊ घालावं. "आणि एक," त्यांनी दार उघडताना सांगितलं, "माझं नाव कुठे काढू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष लागला. परशुरामला तर घरात पाऊल टाकणं नकोसं झालं. बापाच्या तिथीला काळुरामने घराच्या कौलांवर पान ठेवलं, तर कावळा पानाला चोच लावेना. तो कौलावर बसून काळुरामकडेच बघत राहिला. "म्हातारा मना बोलवतय वाटता," काळुराम हसून म्हणाला. परशुराम न्हाणीत जाऊन रडला. पुढल्या वर्षी दादूसच्या नावाने पान ठेवायचं, तर त्याला काय काय आवडतं, हेही त्याला रडतारडताच आठवू लागलं. काळुरामला सगळ्यांत जास्त आवडायचा जिताडा.

म्हणून त्याने जिताडा आणला. खाडीवरच्या एका कोळ्याला गाठून, हातभर लांबीचा, अजून कल्ले हलत असलेला.

इथेच परशुराम चुकला. खाडीकाठच्या गावांत जिताडा हा नुसता मासा नव्हे. तो अर्ज असतो. सातबाऱ्यात काही अडलं की तलाठ्याकडे जिताडा जायचा. मिठागराच्या साहेबाने तोंड वाकडं केलं की त्याच्या बंगल्यावर जिताडा जायचा. काळुराम स्वतः शाळेच्या हेडमास्तरांकडे एक आणि गिरणीच्या मुनिमाकडे दुसरा जिताडा घेऊन गेला होता, तेव्हा कुठे परशुराम आधी शिकला आणि मग चिकटला. जिताडा दारात आला आणि त्याच्यामागे काही मागणं नाही, असं त्या मुलखात कधी घडलं नव्हतं. परशुराम कारकून झाला आणि ही साधी गोष्ट विसरला.

काळुरामने माशाकडे पाहिलं, मग भावाकडे. "काय काम हाय?"

"काय नाय, दादूस. तू खा."

"तरी पन?"

"सांगितला नं, काय नाय. पोटभर खा." आणि परशुरामचे डोळे भरून आले.

काळुराम जेवला, पण गप्प गप्प जेवला. दुसऱ्या दिवशी तो फावडं घेऊन निघाला तर परशुरामने ते हातातून काढून घेतलं. "तू बस. आता तू कामाला हात लावायचा नाय." चौथ्या दिवशी परशुरामने त्याचे पाय चेपले. सहाव्या दिवशी त्याने भीत भीत विचारलं, "दादूस, तुजी काय इच्छा रायलीय का?" काळुराम उठून अंगणात गेला. त्या दिवसापासून त्याने परशुरामला उचललं नाही, हाकसुद्धा हळू मारू लागला.

परशुरामने ओळखलं. घडी आतून बिघडत चालली होती. मरण जवळ आलं की माणूस असाच मऊ होतो, हे त्याने अनेकांकडून ऐकलं होतं.

मग त्याने दुसरा जिताडा आणला. पहिल्याहून दीडपट मोठा.

तो मासा बघून काळुरामचा चेहरा पांढरा पडला. त्याने एक घास खाल्ला आणि पान सरकवलं. त्या दिवसापासून त्याचं जेवण तुटलं. भाकरीचा चतकोर खायचा आणि ओट्यावर बसून खाडीकडे बघत राहायचा. गळ्याची हाडं दिसू लागली. बाराव्या दिवशी ठमावहिनीने परशुरामसमोर पदर डोळ्याला लावला. "काय झाला ह्यांना, भावजी? रात रात जागतान. ईचारला तर बोलतान, आता थोडेच दीस रायले आपले."

 दादूसला स्वतःलाही कळलं होतं!

तो ठाण्याला धावला. जिन्याखालची पाटी नव्हती आणि खोलीला कुलूप होतं. शेजारच्या गोदाबाईंनी सांगितलं, प्रोफेसर बहिणीकडे गेले, गाव सांगितलं नाही, पुन्हा येतील असं वाटत नाही. परशुराम त्याच जिन्यावर बसून राहिला. आता काहीच करता येण्याजोगं उरलं नव्हतं. फक्त एकच गोष्ट होती. वहिनी उघड्यावर पडू नये.

त्याने स्टँप कागद विकत घेतला. कारकुनी अक्षरात, एकही खाडाखोड न करता, त्याने घरातला आणि जमिनीतला आपला सगळा हिस्सा वहिनीच्या नावे लिहून दिला. आणि सर्व्हे नंबर ताडून घ्यायला म्हणून घरी येऊन काळुरामला विचारलं, "दादूस, जमिनीचे कागद ज्या ट्रंकेन हायेत, तिची किल्ली कुठं असते?"

काळुरामने कनवटीची किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली.  परशुरामच्या पिशवीतून डोकावणारा स्टँप कागद त्याने आधीच पाहिला होता. वाचता येत नसलं तरी स्टँप कागद कसा दिसतो हे शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही.

विसाव्या दिवशी परशुराम कल्याणच्या बाजारातून गिरणीकडे चालला होता, तर कोपऱ्यावर खाकी कोट! प्रोफेसर हरिहर एका फळकुटावर कागदाच्या पुड्या मांडून दंतमंजन विकत होते. गुरूंची दुसरी विद्या निदान उपयोगी पडत होती. परशुरामने त्यांची गचांडी धरली. तीन महिने भातात खुपसलेली बोटं होती ती, प्रोफेसरांना सुटता येईना.

"उद्या माझ्या घरी यायचं. उतारा येत नसेल तर निदान माझ्या भावाच्या पायावर डोकं ठेवायचं."

"मी येतो, पण कॉलर सोड," प्रोफेसर म्हणाले. "मलाही गेले वीस दिवस झोप नाही रे."

सहाव्या माळेच्या दुपारी प्रोफेसरांना घेऊन परशुराम कोपरला आला, आणि अंगणात पाऊल टाकताच जागीच उभा राहिला. अंगणभर माणसं बसली होती. गावकीचे पंच, भावकी, आणि मधोमध पाटावर म्हातारे धाकूतात्या. दिव्याहून सासरेही आले होते, आज त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. ओट्यावर काळुराम धुतलेलं धोतर नेसून बसला होता. दाराआड ठमावहिनी आणि शालू एकमेकींना धरून रडत होत्या.

"आला का? बस," काळुराम क्षीण आवाजात म्हणाला. मग पंचांकडे वळला. "मंडली, ज्यासाठी बोलावलाय ता उरकून टाकू. उन्हा मावलायचे आत."

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि परशुरामचा धीर सुटला. त्याने धावत जाऊन काळुरामच्या पायांवर अंग टाकलं.

"दादूस, मी तुला मारला! मीच मारला रं!"

 परशुरामने रडत रडत सगळं ओकून टाकलं. टेंभी नाका, लिम, वाळू, भात, मिठाची बरणी, उधाण, डावी काख, हुं आणि एकविसावा दिवस. शेवटी त्याने सुजलेलं जोडबोट सगळ्यांना वर करून दाखवलं. "वयनीला उघड्यावर टाकायचा नाय, म्हनून माजा सगला हिस्सा तिचे नावावर केलाय," असं म्हणून त्याने स्टँप कागद धाकूतात्यांपुढे ठेवला.

धाकूतात्यांनी चष्मा लावून कागद वाचला. मग परत वाचला. मग काळुरामला म्हणाले, "ह्यान वाटनी नाय रं कालू. ह्याने सगला देऊन टाकलाय."

काळुरामने कागद हातात घेऊन उलटसुलट केला. "मना वाटला," तो म्हणाला आणि थांबला.  "मना वाटला, परशाला चूल येगली करायचीय. त्याला सांगवत नाय. दोन दोन जिताडे आनलान. मंग स्टँप, मंग किल्ली. म्हनून मीच पंच बोलावले, त्याचे तोंडानं त्याला मागाया लागू नये." मग तो त्या बारीक भावाच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने रडला. गावाने काळुरामला बाप मेला तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं.

"पन दादूस, तू मरनार हायेस," परशुराम हुंदका देत म्हणाला. वाटणीचा गैरसमज मिटला तरी सूर्य काही थांबला नव्हता.

धाकूतात्यांनी चष्मा काढला आणि कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या खाकी कोटाकडे मोर्चा वळवला.

"मास्तर, ह्या बोटानं मेलेला मानूस तुमी सोताचे डोल्यानं बघितलाय?"

"बघितलाय," प्रोफेसर म्हणाले. "रंगूनचा एक शिंपी. गुरूंनी माझ्यासमोर त्याला बोट लावलं."

"आनि तो मेला?"

"मेला."

दाराआड पुन्हा हुंदका फुटला.

"एकविसाव्या दिशी?"

प्रोफेसरांनी कान खाजवला. कोटाचं बटण लावलं, काढलं. "नऊ वर्षांनी," ते म्हणाले. "हिवतापाने. पण मेला."

आधी सासरे हसले. मग भावकी हसली, मग पंच हसले, आणि मग ते अंगण असं काही हसलं की वळचणीचे पारवे उडाले. शालू दाराआडून बाहेर आली आणि नवऱ्याकडे बघून तिने कपाळाला हात लावला. फक्त काळुराम हसला नाही. तो परशुरामकडे वळला.

"कंदी लावलास बोट? मी उचलला तवा?"

"हां."

"मना वाटला तुला पडायची भीती वाटली, म्हनून धरतस," काळुराम म्हणाला.

तीन महिने, दिवसाला पाचशे वेळा, सोललेली कातडी, मीठ आणि घुशीचा पिंजरा. त्या सगळ्याचं फळ म्हणजे धाकटा भाऊ पडायला घाबरला असेल, एवढंच थोरल्याला वाटलं होतं! परशुरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात खाडीपलीकडे सूर्य बुडाला. कोणाचं लक्ष नव्हतं. दोघा भावांचं मात्र होतं. उजेड पूर्ण जाईपर्यंत ते दोघे तिकडेच बघत राहिले, आणि मग काळुरामने कितीतरी दिवसांनी स्वतःहून भाकर मागितली.

माणसं पांगली. प्रोफेसरांना जेवूखाऊ घालून स्टेशनवर पोचवलं. काळुरामने त्यांच्याकडून दंतमंजनाची पुडीसुद्धा घेतली. परशुराम परत आला तेव्हा काळुराम ओट्यावर एकटाच बसला होता.

"परशा, हा समदा थोतांड, नाय?"

"थोतांड, दादूस. धाकूतात्या बोललं नं."

"हां." काळुराम थोडा वेळ डावी बरगडी चोळत बसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "पन आपली नऊ वर्सं कंदी भरतील?"

परशुराम त्याच्या शेजारी बसला. तो कारकून होता, साल त्याने स्टेशनवरून येतानाच मोजून ठेवलं होतं.

कार्तिकी पौर्णिमेला पुन्हा उधाण आलं आणि बांधाला त्याच जागी खांड पडली. परशुराम पॉलिशचे बूट घालून, डबा घेऊन खांडीपाशी येऊन उभा राहिला. आसपास साठ-सत्तर माणसं होती, पण त्याला त्यांची काही लाज वाटली नाही. त्याने दोन्ही हात अंगापासून थोडे वर उचलून धरले आणि वाट पाहिली.

काळुरामने चिखलातून वर पाहिलं. त्याचे हात सवयीने पुढे आले, अर्ध्यावर थबकले, आणि त्याने दोन्ही कोपरं बरगड्यांना घट्ट चिकटवून घेतली.

"चालत ये," तो म्हणाला. "अजून आठ वर्सं, दहा महिने."